कोमलची एल.सी.

१६ एप्रिल, बुध.
आज क्लासला चौदा. त्यातली दोघं निव्वळ पंख्याखाली बसायला येतात, मला काय कळत नाही? येऊ देत. फुकटचा क्लास म्हटलं की लोकांना आधी संशय येतो. आज एक बाई वाडीच्या, म्हणजे या लग्नाच्या हॉलच्या, दारात उभी राहून म्हणे, "ताई, यात तुमचं काय?" माझं काय! सकाळभर साड्यांना फॉल लावायचा आणि दुपारी तीन ते पाच या वाडीत घसा फोडायचा. डी.एड.चं सर्टिफिकेट वीस वर्षं पेटीत पडलंय, त्याला जरा हवा. एवढंच माझं.

कोमल कोळीची वही तपासली. एक चूक नाही. सहावीतली पोर. हिच्या महापालिकेच्या शाळेत पाचवी-सहावी-सातवीला मिळून एकच बाई, आणि त्याही अर्धा महिना मतदार याद्या घेऊन दारोदार. तरी पोरगी असं लिहिते. पाहून चीडच येते. तिची नाही, सगळ्याचीच.

१९ एप्रिल, शनि.
ट्रस्टच्या हेतलबेनचा फोन. (क्लास त्यांचाच. खडू-फळा त्यांचा, घसा माझा.) त्यांच्या शाळेत, मराठी माध्यम, दहावीपर्यंत, दर विषयाला वेगळा शिक्षक, तिथं सातवीत दोन जागा फुकट ठेवल्यात. फक्त महापालिकेच्या शाळेतल्या मुलांसाठी, दहा मेला परीक्षा घेऊन. "सुनंदाबेन, तमारी बेस्ट छोकरी मोकलो." सगळ्यात हुशार मुलगी पाठवा.

माझ्या डोळ्यांसमोर एकच नाव.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "झालं. आता तू जेवायची नाहीस आणि आम्हालाही धड वाढायची नाहीस." वरणात मीठ दोनदा पडलं खरं.

२३ एप्रिल, बुध.
कोमलची आई, निर्मला, नळावर भेटली. बोलते इतकी हळू की कान तिच्या तोंडाशी न्यावा लागतो. म्हणे, "त्याले इचारनं पडी." त्याले म्हणजे नवऱ्याला, भिकनभाऊंना. लूमवर आहेत, पंधरा दिवस नाइट, पंधरा दिवस दिवसपाळी.

संध्याकाळी कामावरून येता येता भाऊ वाडीच्या दाराशी थांबले. भाऊ मात्र उलटे, बोलले की शेजारची खिडकी उघडते. खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, ओरडायची सवय.

"दहावीलोंग फुकट?"
"फुकट."
"मंग करा. पन एकदाच. या शाळेतून त्या शाळेत, एकदाच सही. घडीघडी सही कराले मी येनार नाही. खाडा पडतो."

'एकदाच' तर 'एकदाच', म्हटलं. मी खुशीत घरी आले.

३० एप्रिल, बुध.
अक्षय्य तृतीया, आमची आखाजी. पुरणपोळ्या. वहिनीचा फोन आला, गावाला झोके बांधलेत, सगळ्या बहिणी आल्यात, मीच तेवढी नाही. बोलता बोलता मी कोमलच्या परीक्षेचंच सांगत बसले. वहिनी म्हणाली, "कोण कोमल वं?" खरंच, कोण माझी! फोन ठेवल्यावर उगाच रडू आलं.

२ मे, शुक्र.
आज भांडण करून आले.

शाळेचा सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. निर्मलाला घेऊन गेले. हेडसरांना म्हटलं, एल.सी. द्या, शाळा सोडल्याचा दाखला. सर जागेवरून हललेसुद्धा नाहीत. म्हणाले, "ताई, माझ्या पटावरची चांगली पोरं तुम्ही एकेक करून नेताय. सातवीला मुलं कमी पडली तर वर्ग हायवेपलीकडच्या शाळेला जोडून टाकतील. उरलेल्यांनी काय करायचं?"

मी म्हटलं, "उरलेल्यांचं तुम्ही बघा. पगार तुम्ही घेता."

बोलायला नको होतं. पण ओठावर आलं की माझ्याच्यानं गिळलं जात नाही.

ते म्हणाले, "जागा पक्की झाली का तिची? झाली नसेल तर एल.सी. आत्ता नका काढू. पंधरा दिवस थांबा."

"पक्कीच समजा."

समजा! परीक्षा दहा तारखेला आहे. हेतलबेन स्पष्ट म्हणाल्या होत्या, आधी परीक्षा, मग कागद. ऐकलं नव्हतं असं नाही. पण त्या माणसासमोर मागे फिरायचं माझ्या जिवावर आलं. निर्मलानं माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली, तिनं सही केली. भाऊंची सही आधीच घरून आणलेली.

कोमल दारात उभी होती, हेडसरांच्या टेबलाकडं बघत. तिला काही विचारायचं सुचलं नाही. कोणालाच.

१० मे, शनि.
लिहवत नाही.

तरी लिहिते. परीक्षा लेखी नव्हती. म्हणजे होती, पण दहाच मिनिटांची, तिच्यात कोमल पहिली. मग ट्रस्टच्या शाळेतल्या सरांनी एकेकाला पुस्तक दिलं, मोठ्यानं वाच म्हणाले. सुतारपक्ष्याचा उतारा, चौथीचं पोर वाचेल असा. कोमल उभी राहिली. पुस्तक धरलं. ओठ हलले. आवाज नाही.

"मोठ्यानं, बेटा."

ओठ हलतात. आवाज नाही. इतर चौघं घडाघडा वाचून गेली. मी खिडकीतून बघत होते. मनात म्हणते, अगं बोल ना गं बाई, बोल!

सरांनी तिच्या नावापुढं लिहिलं, 'वाचन येत नाही.'

११ मे, रवि.
भाऊ आज स्वतः घरी आले. पहिल्यांदाच. बसले नाहीत. हे बसा बसा म्हणत राहिले.

"काय लिखी दिधं माझ्या पोरीपुढं?"
मी सांगितलं.
"तिले वाचता येतं."
"भाऊ, तिथं तर ती एक शब्द..."
"ती वाचते. तुम्हाले ऐकू येत नाही."

मला रागच आला. बापाचा आंधळा अभिमान, म्हटलं. मग ते म्हणाले, "एल.सी. निघी गयी ना? बस मग. आता घरी बसेल. आईबरोबर साडीले खडे चिकटवेल." आणि गेले. आवाज एकदम खाली, इतका हळू बोलताना त्यांना मी कधी ऐकलं नव्हतं.

हे म्हणाले, "हेडसर सांगत होते ना तुला, थांबा." मी ताट ढकललं. खरं आहे म्हणूनच झोंबलं.

१३ मे, मंगळ.
दुपारी दोनला कोमलच्या घरी गेले. कधी गेलेच नव्हते. क्लासला पोरं येतात, आपण कशाला कोणाच्या घरी जायचं, असली माझी तऱ्हा.

एक खोली. मी दारातून "निर्मला" अशी हाक मारली आणि तिनं धावत येऊन माझ्या तोंडावर हात ठेवला. खरोखर हात ठेवला. आत पडदा, पडद्यामागं भाऊ झोपलेले. "जपेल शे," निर्मला पुटपुटली. झोपलेत.

मी तासभर बसले तिथं. मोबाइल सायलेंट. कुकर शिट्टीला आला की निर्मला आधीच उचलून बाजूला ठेवते. धाकटी दोघं पत्ते खेळत होती, जिंकल्यावर एकमेकांच्या पाठीवर थापट्या मारायची, तोंडातून हूं नाही. हसायचं तेही नुसते दात दाखवून. कोमल कोपऱ्यात पुस्तक घेऊन, ओठ हलताहेत.

हळूच विचारलं, "दिवसपाळी असते तेव्हा?" निर्मलानं पडद्याकडं बोट केलं. तेव्हा दीर झोपतो. दोघं भाऊ एकाच खात्यात, एक येतो तेव्हा दुसरा जातो. अंथरूण गार पडत नाही. बारा महिने या खोलीत दिवसा कोणीतरी झोपलेलंच.

आणि ही पोर जन्मापासून इथं.

१४ मे, बुध.
सकाळी सुई दोनदा बोटात घुसली.

माझ्या क्लासमध्ये मी वाचून घ्यायची ते सगळ्यांकडून एकसाथ. चौदा पोरांचा कोरस. वेळ वाचतो. त्या कोरसात कोमल ओठ हलवत होती आणि मी वही बघून खूश. आठ महिने. आठ महिन्यांत मी त्या पोरीचा आवाज ऐकला नाही आणि माझ्या ते ध्यानातही आलं नाही! वर त्या एकट्या बाईला नावं ठेवते, तीन वर्गांना एकटी कशी पुरेल म्हणून. मला तर चौदाच होती.

लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

१७ मे, शनि.
हेतलबेनकडं गेले. भांडायचं नाही असं रिक्षात स्वतःला दहा वेळा बजावलं. पाचव्या मिनिटाला भांडले.

त्या म्हणाल्या, "बेन, दरेकनी कोई स्टोरी होय छे." प्रत्येकाची काहीतरी गोष्ट असते. खरंय. मग मी कुकरचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, जागा दोन, पोरं पाच, यादी अजून लावलेली नाही. २ जूनला सरांना परत बोलावते. पण सगळ्यांनाच परत संधी, एकटीला नाही, आणि सर म्हणतील ते शेवटचं.

पायऱ्या उतरताना बोटांवर मोजलं. सोळा दिवस. बारा वर्षांच्या पोरीला आवाज काढायला शिकवायचं, सोळा दिवसांत.

२० मे, मंगळ.
जमत नाही. वाडीत एकटीला बसवलं, दारं लावली. "कोणी झोपलेलं नाही इथं," म्हटलं. ती दाराकडं बघते. मी स्वतः ओरडून दाखवलं. बाहेरून चौकीदार आला, "क्या हुआ बेन?" कोमल दात दाखवून हसली. आवाज नाहीच.

मी चिडले. चिडायचं नव्हतं. ती घरी गेली.

२२ मे, गुरु.
भाऊंची दिवसपाळी सुरू झालीय. दुपारचा डबा कोमलच पोचवते पांडेसऱ्याच्या खात्यावर. आज मी तिच्याबरोबर गेले. डोक्यात आलं ते सांगितलं कोणाला नाही, नाहीतर हे म्हणाले असते, बाई बिघडली.

खात्याच्या दारातच आवाजानं छाती धडधडायला लागते. शंभरेक लूम एका छपराखाली. स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नाही. कोमलला दारापाशी धाग्याच्या खोक्यावर बसवलं, पुस्तक हातात दिलं, कानाशी ओरडून सांगितलं, "इथं कोणाचीच झोपमोड होत नाही. वाच. मला ऐकू येईपर्यंत वाच."

मी चार हात लांब उभी. पहिलं पान, नुसते ओठ. दुसरं पान, गळ्याची शीर दिसायला लागली. मी कानाला हात लावून खूण करते, आणखी. तिसऱ्या पानावर चेहरा लाल. आणि मग त्या सगळ्या खडखडाटातून एक बारीक, चिरका आवाज माझ्यापर्यंत आला. "...झाडाच्या खोडात..."

ऐकू आलं! मी तिथंच तिचे गालगुच्चे घेतले. कारागीर बघत होते. बघेनात का.

भाऊ पलीकडच्या ओळीत, मशीनमागं. आमच्याकडं एकटक पाहत होते. आले नाहीत. शेठनं मात्र जाताना हात हलवला, उद्या नको असा. मी समजले नाही असं दाखवलं.

२३ मे, शुक्र.
निर्मला आली. तिची कुजबूज आज जास्तच घाईची. काल रात्री जेवताना भाऊ म्हणाले, "आज सुतारपक्ष्याचं वाची राहिनी व्हती ना? चोच तुटत नाही का त्याची, ते पुढं सांगितलंच नाही."

मी म्हटलं, त्यांना कसं कळलं? मध्ये शंभर लूम. आणि भाऊंना तर सहीपलीकडं अक्षर येत नाही.

निर्मला माझ्याकडं अशी बघते, जसं मी सूर्य कुठून उगवतो विचारलं. अहो, खात्यात सगळे ओठांवरूनच तर बोलतात. वीस वर्षं झाली. कोण काय म्हणतो ते या टोकापासून त्या टोकापर्यंत ओठ बघून कळतं. घरीसुद्धा झोप लागली नाही की पडद्याच्या फटीतून कोमलकडं बघत पडतात. तिचा इतिहासाचा अर्धा धडा त्यांना पाठ आहे.

'ती वाचते. तुम्हाले ऐकू येत नाही.'

मी त्या दिवशी काय समजले होते आणि तो माणूस काय सांगत होता. हे देवा.

२८ मे, बुध.
रोज खात्यावर. शेठनं दोनदा हटकलं, तिसऱ्यांदा भाऊंनी त्याला काहीतरी सांगितलं, तेव्हापासून तो वर बघत नाही. कोमल आता माझ्याकडं न बघता मशीनकडं बघून वाचते, आणि भाऊ लूमवरून मान वर करून बघतात. मधेच बोटानं खूण करतात, परत. ती तेच वाक्य परत वाचते. मी नुसती उभी असते. खोक्यावर बसते कधी.

खात्याबाहेर आलं की आवाज परत गुल. रस्त्यावर विचारलं, "काय गं, भूक लागली?" मान हलवली.

पाचच दिवस उरलेत. मला रात्री-दिवसा दुसरं काही सुचत नाही. आज फॉल उलटा लावला, चार साड्यांना. उसवत बसले.

२ जून, सोम.
भाऊ आले होते. खाडा टाकून. इस्त्रीचा शर्ट, पण कानाच्या मागं कापसाचा भुगा तसाच.

कोमलचा नंबर चौथा. उभी राहिली. पुस्तक धरलं. ओठ हलले. आवाज नाही.

भाऊ खिडकीबाहेर उभे. त्यांनी काचेतून बोट हलवलं. परत.

आणि पोरगी ओरडली. वाचली नाही, ओरडली! "सुतारपक्षी!" सर खुर्चीत दचकले. हातातला चहा सांडला. पुढचं सगळं त्याच पट्टीत, भाजीवाल्यासारखं, एक ओळ न अडखळता. जोडाक्षरंसुद्धा खणखणीत. बाकीची पोरं खुदखुदायला लागली. सर म्हणाले, "हळू, बेटा, हळू." ते मात्र तिला जमेना. एक तर काहीच नाही, नाहीतर खात्यातलं.

उतारा संपल्यावर सरांनी दोन प्रश्न विचारले. पहिल्याचं उत्तर दिलं. दुसऱ्याला घसा बसला होता, नुसते ओठ. सर वाकून बघत राहिले. मी बाहेरून ओरडणार होते, बरोबर सांगतेय ती! भाऊंनी माझा दंड धरला.

सरांनी वहीत काय लिहिलं ते दिसलं नाही. हेतलबेन म्हणाल्या, यादी पुढच्या सोमवारी, शाळा उघडेल त्या दिवशी. बाकी चार पोरंही छान वाचून गेली. त्यातली एक तर इतकी गोड वाचत होती की मला तिचाही राग येईना.

४ जून, बुध.
काही नाही. वाट.

हेतलबेनला फोन केला. उचलला नाही. परत केला. ह्यांनी फोन काढून घेतला आणि कपाटावर ठेवला. मी स्टूल घेतलं.

६ जून, शुक्र.
दुपारी क्लासला कोमल आणि निर्मला लवकर आल्या. त्याच वेळी हेडसरांचा फोन. मी स्पीकरवर टाकला, निर्मलाला ऐकू यावं म्हणून.

सर अजिबात तिरकस बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "सातवीला मला एक नाव कमी पडतंय, ताई. आज पाचपर्यंत यादी वर पाठवायची. कोमलला परत लिहून घेतो, एल.सी. तशीच आणा. वर्ग वाचेल, तिचंही वर्ष वाचेल. तुमची यादी सोमवारी. तिथं नाही लागलं, तर तोवर माझा वर्ग हायवेपलीकडं गेलेला असेल. तिचे वडील तिकडं पाठवतील का?"

नाही पाठवणार. मला माहीत आहे. आणि आज परत नाव घातलं तर ट्रस्टच्या जागेसाठी दुसऱ्यांदा सही करणार नाहीत, तेही माहीत आहे. एकदाच म्हणाले होते. म्हणजे आज हो म्हटलं तर ती जागा गेली. नाही म्हटलं आणि सोमवारी नाव नसलं, तर खडे चिकटवणं.

मी तोंड उघडलं. माझं नेहमीचं तयार होतं, काय करायचं ते सगळ्यांच्या वतीनं सांगायला. आणि माझ्याच्यानं बोलवेना. दोन मेला मी 'पक्कीच समजा' म्हणाले होते. आज काय समजा म्हणू? निर्मलाला म्हटलं, तू सांग. ती म्हणे, त्याले इचारनं पडी, आन तो आते जपेल शे. कालपासून परत नाइट. फोनमधून सर हॅलो, हॅलो करताहेत.

कोमलनं माझी बाही ओढली.

"माले कोनी इचारंच नही."

मला कोणी विचारलंच नाही. एवढंच म्हणाली. ना ओरडून ना कुजबुजून. साध्या आवाजात. निर्मला तिच्याकडं बघतच राहिली.

मी काय विचारणार होते! फोन तिच्या हातात दिला. तिनं दोन्ही हातांनी धरला.

"सर, आज माझं नाव नका लिहू. मी सोमवारपर्यंत थांबते."

मग सर म्हणाले, "कोण बोलतंय?"

पहिलीपासून सहावीपर्यंत सहा वर्षं ही पोर त्यांच्या शाळेत होती.

"कोमल," ती म्हणाली. "कोमल भिकन कोळी."

सर "बरं, बेटा" म्हणाले आणि फोन ठेवला. पाच वाजून गेलेत. यादी गेली असेल वर. मधे शनिवार आहे, रविवार आहे.